शाळेचा डबा: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि एका डबे भरणाऱ्या बाबाची उत्तरं

आमच्या घरी डबे मी भरतो. बायकोला डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडायची असते, त्यामुळे साडेपाचला उठून कणीक, भाजी आणि दोन डबे हे खातं माझ्याकडे, आणि हे पाचवं वर्ष. थोरला दुसरीत आहे, धाकटी ज्युनिअर केजीत. सोसायटीच्या गेटवर बसची वाट बघताना तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. मी आहारतज्ज्ञ वगैरे नाही, पोराला काही त्रास असेल तर डॉक्टरांनाच विचारा.

डबा जसाच्या तसा परत येतो. आवडत नसेल का?

असेलही, पण आधी बाकीचं तपासा. आमचीच गोष्ट सांगतो. धाकटी नर्सरीत असताना आठवडाभर उपमा परत आला. घरी हाच उपमा ती वाटी चाटून खायची. मी रवा बदलला, काजू टाकले, मिरची काढली, काही फरक नाही. शेवटी शनिवारी तिला म्हटलं उघडून दाखव बरं डबा, तर तिला तो उघडताच येईना! मी गरम गरम उपमा भरून लगेच स्टीलचं घट्ट झाकण लावायचो, आतली वाफ गार झाली की झाकण आत ओढलं जायचं आणि असं बसायचं की मलाही जोर लावावा लागला. आणि पोरगी बाईंना सांगायला लाजत होती. म्हणजे पोरगी पाच दिवस उपाशी, आणि मी इकडे काजू टाकतोय.

तेव्हापासून माझा हिशोब एकच आहे. सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची, त्यात हात धुणं, डबा काढणं, मैत्रिणीशी गप्पा, आणि शेजारी भरवायला कोणी नाही. त्या वेळात त्या हातांना जे उघडता येईल, धरता येईल आणि चावून संपवता येईल तोच डबा. चव, पौष्टिकपणा, रंग हे सगळं त्याच्यानंतर. डबा परत आला की आधी विचारा, वेळ पुरला का, झाकण उघडलं का, तुकडा मोठा होता का, सांडलं का. शक्य असेल तर रविवारी घरीच डबा भरून द्या, पंधरा मिनिटं घड्याळ लावा आणि मदत न करता नुसतं बघत बसा. मला त्या पंधरा मिनिटांत जेवढं कळलं तेवढं कुठल्याच व्हिडिओत कळलं नाही.

किती भरायचा?

आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा कमी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० कॅलरी लागतात आणि ७ ते ९ ला १७००. सकाळच्या शाळेत ती दहाची सुट्टी म्हणजे काही पूर्ण जेवण नाही, मूल दूध-बिस्कीट किंवा काहीतरी खाऊन निघालेलं असतं आणि साडेबाराला घरी येऊन जेवणार असतं. तेल-तुपासकट एक पोळी म्हणजे साधारण शंभर कॅलरी धरा. धाकटीला एक पोळी, दोन चमचे भाजी आणि चार फोडी फळ पुरतं. थोरल्याची शाळा दुपारपर्यंत असते, त्याला दोन पोळ्या आणि छोट्या सुट्टीचा वेगळा खाऊ.

आणि एक. गच्च भरलेला डबा बघूनच काही मुलं बंद करून ठेवतात. कमी द्या, संपवून येऊ दे, ‘अजून हवं होतं’ म्हणू दे. ते ऐकायला फार बरं वाटतं.

डबा कसला घ्यावा, स्टील की प्लास्टिक?

स्टील. आपटतो, पोचतो, पण फुटत नाही, हळदीचा डाग धरत नाही आणि गरम भरलं तरी काळजी नाही. फक्त वर सांगितलं ते लक्षात ठेवा, वाफ जाऊ द्या आणि मगच झाकण. दोन बाजूंना क्लिप असलेला लहान मुलांना सोपा पडतो, पण दुकानातच पोराच्या हातात देऊन उघडून बघा, काही क्लिप एवढ्या कडक असतात की नख तुटेल. रबराची रिंग निघणारी असावी, नाहीतर तिच्या खाली जे साठतं ते बघवत नाही.

खण असलेला असेल तर दोन खण बस झाले. पाच खणांचे ते सुंदर डबे मी पण घेतला होता एक. पाच खण म्हणजे सकाळी सहा वाजता पाच पदार्थ सुचले पाहिजेत!

वर्तमानपत्रात काही गुंडाळून देऊ नका, शाईतली रसायनं तेलकट पदार्थाला लागतात, एफएसएसएआयने (देशातली अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) यावर परत परत सांगितलंय. फॉइलमध्ये लिंबू पिळलेलं किंवा टोमॅटोचं आंबट काही नको, अ‍ॅल्युमिनियम उतरतं. सुती कापडाचा तुकडा सगळ्यात बेस्ट, माझ्या आजीच्या जुन्या नऊवारीचे मी बारा तुकडे करून ठेवलेत.

पोळी दहा वाजेपर्यंत चामड्यासारखी होते, काय करू?

कणीक घट्ट भिजवत असाल. डब्याची कणीक नेहमीपेक्षा सैल, कोमट पाण्यात किंवा अर्धं दूध-अर्धं पाणी घेऊन भिजवा, चमचाभर तेल, आणि निदान वीस मिनिटं झाकून ठेवा. तवा चांगला तापलेला हवा, मंद आचेवर पोळी वाळते आणि कडक होते. तव्यावरून उतरली की तूप लावायचं आणि कापडात ठेवायची. गरम पोळी थेट डब्यात बंद केली तर वाफेचं पाणी सुटून खालची पोळी ओली गिच्च होते, वरची वातड, दोन्हीकडून वाया.

लहान मुलाला पोळी तोडून भाजी उचलून घास करणं जड जातं हो, आपल्याला लक्षात येत नाही. म्हणून नर्सरी-केजीला पोळीची सुरळी करून सुरीने दोन-दोन बोटांचे तुकडे. आत भाजी कोरडी आणि बारीक चिरलेली पाहिजे, नाहीतर पहिल्या घासाला सगळी मागून बाहेर. थोडा कुस्करलेला बटाटा भाजीत मिसळला की ती धरून राहते, कोबीत मी हेच करतो.

डब्याला चालतील अशा भाज्या कुठल्या?

रस नसलेली कुठलीही. बटाट्याच्या काचऱ्या, भेंडी, मूगडाळ घातलेला कोबी, पीठ पेरून केलेली सिमला मिरची, गाजर-मटार, मोकळी मटकीची उसळ, झुणका. पालेभाजीत मेथी चालते, पण कणकेतच मळून ठेपले केले तर जास्त संपते. वांगं आमच्याकडे चालत नाही, तुमच्याकडे चालत असेल तर नशीबवान आहात.

उसळीवर थोडं लिंबू पिळा. चवीसाठी आहेच, शिवाय कडधान्य आणि पालेभाजीतलं लोह लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे अंगी जास्त लागतं.

रोज पोळीभाजी नको म्हणतो. दुसरं काय?

हा खरा प्रश्न. आणि याचं उत्तर आपल्याच घरात असतं पण आपण पास्ता शोधत बसतो (पास्ता पण देतो मी, काही शपथ नाही घेतलेली).

दशमी घ्या. प्रवासाला बांधून न्यायचा पदार्थ तो, म्हणजे डब्यासाठीच झाला की. कोमट दुधात गूळ विरघळवायचा, गूळ टाकून दूध उकळायचं नाही, फाटतं. वाटीभर दुधाला अर्धी-पाऊण वाटी गूळ, चमचाभर तूप, चिमूट मीठ आणि मावेल तेवढी कणीक. जाडसर लाटून तुपावर भाजायच्या. गार झाल्या तरी मऊ राहतात, हाताला चिकटत नाहीत, छोट्या वाटीने गोल कापल्या की मुलांना बिस्किटासारख्या वाटतात. लाल भोपळ्याचे घारगे त्याच धर्तीवर, फक्त तळणीचा उद्योग आहे म्हणून मी सुट्टीच्या दिवशी करतो.

मूगडाळीचं धिरडं. रात्री भिजवायची विसरलात तर सकाळी बेसनाचं करा, किसलेलं गाजर, कोथिंबीर, ओवा. छोटी छोटी, पुरीएवढी. घावन आणि आंबोळी गार झाली की काही मुलांना आवडत नाही, माझ्या थोरल्याला आवडते, त्यामुळे मालवणच्या सासूबाई खूश आहेत.

थालीपीठ तर आहेच, भाजणी दळून ठेवली की झालं. पण जाड नको, आणि चार तुकडे करूनच द्या. सोबत लोणी दिलं तर ते डब्यात वितळून दप्तरात जातं, अनुभवाने सांगतोय, मराठीच्या वहीला अजून वास येतो. त्यापेक्षा तव्यावर असतानाच लावा.

अप्पे फार सोयीचे, इडलीचंच पीठ, एक अप्पा म्हणजे दोन घास, धरायला गोल. इडली द्यायची तर छोटी आणि वरून तूप-चटणीपूड चोळून, ओली चटणी नकोच. उकडपेंडी, सांजा, दडपे पोहे हे चमच्याचे पदार्थ, चमचा घरी परत न येण्याची तयारी असेल तर द्या. आमचे सात गेलेत.

आदल्या दिवशीची पोळी उरली तर मिक्सरमध्ये फिरवून गूळ-तूप घालून लाडू, किंवा फोडणी देऊन कुस्करा. हा डबा सगळ्यात आधी संपतो आणि सगळ्यात कमी कष्टाचा आहे, यात काय न्याय आहे मला माहीत नाही.

नाचणी खायला लावा म्हणतात सगळे. रंग बघूनच नाक मुरडतो.

नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, म्हणून सगळे मागे लागतात. नुसत्या नाचणीची भाकरी गार झाली की तडकते, डब्यात नको. कणकेत चौथा हिस्सा नाचणीचं पीठ मिसळा, किंवा दशमीत, गुळामुळे रंग तसाही तांबूस असतो, कळत नाही. तीळ पण कॅल्शियमने भरलेले, घारग्यांना, थालीपिठाला लावून टाका.

इंटरनेटवरचे सजवलेले डबे बघून मला कमीपणा वाटतो.

मलाही वाटायचा. जपानात त्याला क्याराबेन म्हणतात, भाताचा पांडा, अंड्याचा ससा. मी एकदा साच्याने पोळीचे तारे कापले. तारे धाकटीने मोजले, मैत्रिणींना वाटले, खाल्ला एक. आणि कापून उरलेल्या पोळीच्या चिंध्या मी भाजीशी खाल्ल्या.

आकर्षक म्हणजे काय याचा मुलांचा हिशोब वेगळा असतो. त्यांना लहान आकार आवडतो, दोन रंग आवडतात, काहीतरी बुडवायला मिळालं तर फार आवडतं. कणकेत बीट किसून गुलाबी पुरी, पालकाची हिरवी, आणि बाजूला छोट्या डबीत गुळांबा किंवा घट्ट चटणी. एवढ्याने काम होतं. कधीतरी झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवतो मी, धाकटीला वाचता येत नाही म्हणून तिला चित्र. परवा हत्ती काढला होता, तिने घरी येऊन विचारलं बाबा तू डुक्कर का काढलंस.

लहान मुलांच्या डब्यात काय देऊच नये?

इथे मी कडक आहे. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, काजू-बदाम, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक चिक्की, गोळ्या, कच्च्या गाजराच्या जाड चकत्या नकोत. घशात अडकू शकतं. आणि वर्गात तीस मुलं एकदम बोलत-हसत खात असतात, बाईंचं लक्ष किती जणांकडे राहणार. द्राक्षं अख्खी नकोत, गोल, निसरडी आणि बरोब्बर श्वासनलिकेच्या मापाची. उभी चिरून चार फोडी करा, आडवी अर्धी केली तर तो गोल आकार तसाच राहतो. बोरं, जांभळं बीसकट नकोत. सुका मेवा द्यायचाच तर कूट करून लाडवात.

डबा साडेसहाला भरतो, दहाला खातात. खराब होत नाही का?

नियम असा सांगतात की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर तासाभरातच संपवावं. तो नियम लावला तर आपला कुठलाच डबा पास होणार नाही! पण त्यातून काय घ्यायचं तर ओलं आणि कोरडं यातला फरक. पोळी, ठेपला, दशमी, कोरडी काचरी हे तग धरतात. ओल्या नारळाची चटणी सगळ्यात आधी जाते. पनीर, अंडं, दुधाचं काही, रस्सा, मेयोनीज लावलेलं सँडविच, हे उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात मी देत नाही.

भाताबद्दल जरा जास्त सांगतो. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट अवस्थेत बाहेर राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार होतं ते परत फोडणी देऊन जात नाही. म्हणून फोडणीचा भात द्यायचा तर रात्रीचा भात जेवण झाल्या झाल्या फ्रिजमध्ये गेलेला असला पाहिजे, ओट्यावर रात्रभर राहिलेला नाही. सकाळी कडकडीत गरम करायचा. मे महिन्यात तर नकोच, तसंही तेव्हा शाळा नसते.

एक तर पूर्ण गार करून भरा, नाहीतर गरम राहील अशा थर्मास डब्यात भरा (आधी त्यात दहा मिनिटं उकळतं पाणी ठेवून ओतून द्या, मग भरा), मधलं कोमट काम नको.

फळ काळं पडतं.

सफरचंदाच्या फोडींना लिंबू चोळा, किंवा मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून काढा, किंवा फोडी परत एकत्र जुळवून रबर लावून अख्खं सफरचंद असल्यासारखं द्या, हवा लागली नाही की काळं पडत नाही. मुलांना ते रबर काढायची मजा येते. पण माझं मत विचाराल तर वेलची केळं. लहान हाताच्या मापाचं, सालीत पॅक, चिरायचं नाही, धुवायचं नाही. फक्त दप्तरात तळाला नको. संत्र्याच्या फोडी बिया काढून, चिकू बिया काढून. डाळिंबाचे दाणे वर्गभर सांडतात.

शाळेने वारांचा तक्ता दिलाय, सोमवारी उसळ, मंगळवारी पराठा वगैरे. कटकट आहे.

मला तर आवडतो तो तक्ता. रोज रात्री दहा वाजता ‘उद्या डब्याला काय’ या प्रश्नापासून सुटका. आणि सगळ्यांकडे एकच असलं की ‘तिच्याकडे चिप्स होते’ बंद होतं. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. मग तेच आपण घरून पाकिटात का पाठवायचे? वाढदिवसाला ठीक.

मुलं एकमेकांचे डबे खातात, चालतं का?

चालतं, चांगलंच आहे. थोरला घरी पडवळ बघत नव्हता, मित्राच्या डब्यातलं खाऊन आला आणि म्हणाला तुम्ही तसं का करत नाही. फक्त ज्या मुलाला कसली अ‍ॅलर्जी आहे त्याच्या बाईंना लेखी सांगून ठेवा, आणि कोणाच्या घरी काय चालत नाही हे आपल्या पोराला शिकवा, म्हणजे तो आग्रह करणार नाही. आणि कोणाच्या डब्याला सुकटीचा वास आला तर नाक दाबायचं नाही, हे पण शिकवा. हे आमच्याकडे एकदा ओरडून सांगावं लागलंय.

आम्ही अमेरिकेत असतो, शाळेत शेंगदाणे चालत नाहीत.

माझी बहीण तिकडेच आहे, तिचा हाच त्रास. आपल्याला वाटतं शेंगदाणे म्हणजे शेंगदाणे, पण कूट कुठे कुठे असतं बघा, साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, उपवासाचं सगळं, कोरडी चटणी. कुटाच्या जागी ती भाजलेलं डाळं बारीक करून घालते, काही ठिकाणी खोबरं, काही ठिकाणी सूर्यफुलाच्या बिया. तीळ घालायच्या आधी मात्र शाळेला विचारा, अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ पण मुख्य अ‍ॅलर्जीच्या यादीत आलेत. मिक्सरचं भांडं पण वेगळं किंवा नीट घासलेलं हवं, कालची शेंगदाण्याची चटणी त्याच भांड्यात केली असेल तर काय उपयोग.

भाजी खातच नाही. लपवून देऊ का?

लपवा, पण समोर पण ठेवा. नवा पदार्थ मुलांच्या समोर दहा-पंधरा वेळा यावा लागतो तेव्हा कुठे तोंडात जातो. मात्र नवीन प्रयोग घरी करा. डब्यात ओळखीचं. तिथे नाही आवडलं तर दुसरं काही मागायची सोय नसते, पोर उपाशी राहतं.

सकाळी वेळच नसतो. तुम्ही कसं करता?

रात्री. भाजी चिरलेली, कणीक भिजवून फ्रिजमध्ये, डबे-बाटल्या ओट्यावर. रविवारी मटकीला मोड, दशम्या सोमवारसाठी, खोबऱ्याची कोरडी चटणी. सकाळी फक्त फोडणी आणि पोळ्या, पंचेचाळीस मिनिटं. गॅस संपला तर ब्रेड-बटर-काकडी. त्याचं काही वाईट वाटून घेत नाही.

प्लास्टिकच्या डब्याचे पिवळे डाग आणि वास?

घासून उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. वासाला खायचा सोडा. आणि शुक्रवारी डबा दप्तरात राहिला तर सोमवारी तो खिडकीजवळ, श्वास रोखून उघडा.

परत आलेलं उरलेलं काय करता?

सहा-सात तास झालेले असतात, उष्टंही असतं, त्यामुळे कोणी खात नाही, मी पण नाही, जीव कितीही तुटला तरी. पोळीचे तुकडे ग्रिलवर ठेवतो, एक कावळा ठरलेला आहे, पावणेदोनला येतो. पोळी नेतो. भेंडी तोही बाजूला काढतो.